धर्माची गाय आणि इर्जिक

तिसरीच्या वर्गात एके दिवशी मी माझा मोबाइल टेबलावर ठेवला आणि मुलांना म्हटलं, "आज तुम्ही नुसतं बोलायचं. लिहायचं काम ह्याचं." मराठीत बोललेलं ऐकून टंकून देण्याची सोय फोनच्या कीबोर्डात फुकट असते. माइकचं चित्र दाबलं की झालं. मुलं एकमेकांच्या अंगावर रेलत पुढे आली. पहिला नंबर शेळ्या राखणाऱ्या घरातल्या एका पोराचा लागला. त्यानं घसा खाकरला आणि एका दमात सांगून टाकलं, "म्या काल आज्यासंगं रानात गेल्तो, तितं घोरपड दिसली." पडद्यावर अक्षरं उमटली: "मी काल आज या संघ रानात गेलो तो तिथे घोरपड दिसली."

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग पोट धरधरून हसला. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, ह्याला कमी ऐकू येतंय."

मला ते निदान फार आवडलं. बोलणाऱ्याची जीभ ठीक आहे, ऐकणाऱ्याचा कान अधू आहे, हे तिला आपसूक कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पुन्हा पुढे आला, फोनजवळ तोंड नेलं आणि बातम्या सांगणाऱ्यासारखा सावकाश बोलला, "मी काल आजोबांसोबत शेतात गेलो होतो." वाक्य बिनचूक उमटलं. तो खूश झाला, मीही शाबासकी दिली. संध्याकाळी एसटीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. एका दिवसात पोरानं आज्या सोडला, रान सोडलं. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. फुकट मिळालेल्या एका सोयीनं शिकवलं होतं.

प्रमाण मराठी त्याला यायला हवीच, ती शिकवणं माझंच काम आहे. पण ती 'आज्या'च्या शेजारी यायला हवी, त्याला हाकलून नाही. शिक्षक हे तारतम्य ठेवू शकतो. फोनला तारतम्य नसतं. त्याला जे कळतं तेच तो बरोबर धरतो.

आपल्याकडे म्हण आहे: धर्माची गाय आणि दात का नाय. दान मिळालेल्या गायीच्या तोंडात बोट घालून दात मोजणाऱ्याला ही म्हण टोमणा मारते. फुकट मिळतंय ना, मग मुकाट्यानं घ्यावं. शाळांमध्ये फुकट ऑनलाइन साधनं आली तेव्हा आपण ही म्हण अगदी आज्ञाधारकपणे पाळली. माझं म्हणणं उलटं आहे. प्राथमिक शाळेनं ह्या गायीचे दात मोजलेच पाहिजेत. गाय दावणीला बांधली की चारा आपल्यालाच घालावा लागतो, आणि दूध पिणार असतात ती सहा ते दहा वर्षांची पोरं, ज्यांना नको म्हणायची सोय नसते.

ही गाय आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत खऱ्या अर्थानं आली त्याला साधारण दहा वर्षं झाली. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि डिजिटल शाळांचं वारं सुटलं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची शाळा बघायला लांबलांबून शिक्षक जाऊ लागले. गावोगाव लोकवर्गणी निघाली, कुणी टीव्ही दिला, कुणी प्रोजेक्टर. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतच ते ठिपक्याठिपक्यांचे चौकोन छापून येऊ लागले आणि २०१७ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' ह्या ऑनलाइन व्यासपीठाकडे बोट दाखवू लागले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुरस्काराची बातमी सगळ्यांच्या लक्षात आहे. मला ह्या लेखासाठी ती वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुढे येईन.

त्याच २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. कालपर्यंत हौसेची असलेली साधनं एका रात्रीत एकमेव वाट झाली. व्हॉट्सॲपवर गृहपाठ, गूगल फॉर्मवर चाचणी, यूट्यूबवर पाठ. पुढे मुलं शाळेत परतली. साधनं मात्र घरी गेली नाहीत, वर्गातच राहिली. संकटात कुणी दात मोजत बसत नाही, ते ठीकच. पण संकट सरून वर्षं लोटली, आता तरी मोजायला हवेत.

पहिला दात चाऱ्याचा. माझी शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. शाळेचा संगणक म्हणजे माझा फोन, शाळेचं इंटरनेट म्हणजे माझा रिचार्ज. ह्याच फोनवर हजेरी भरायची, खिचडी किती मुलांनी खाल्ली ते कळवायचं, यू-डायस ह्या सरकारी नोंदणीतली शाळेची माहिती अद्ययावत करायची, गटावर आलेल्या 'तातडीचे' अशा मथळ्याच्या संदेशाला तासाभरात उत्तर द्यायचं. पाठ रंगात आला की फोन वाजतो, आणि पडद्यावरच्या फुलपाखराच्या डोक्यावर कुठल्यातरी अहवालाची आठवण येऊन बसते. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या शाळांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. फुकट पाठ दाखवायला विकतची वीज लागते, एवढी साधी गोष्ट दान देणाऱ्याच्या हिशेबात येत नाही.

पैशापेक्षा महाग चारा म्हणजे वेळ. दहा प्रश्नांची ऑनलाइन चाचणी तयार करायला मला दीड तास लागतो. देवनागरीत टंकायचं, चित्रं शोधायची, पर्याय लिहायचे. बदल्यात मिळतो रंगीत गोल आलेख: अठरा बरोबर, बारा चूक. छान दिसतो. पण ५२ मधून २७ वजा करताना जे मूल ३५ लिहितं, त्याला नेमकं काय झालंय ते गोलातून कळत नाही. वहीतून कळतं. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यानं गुपचूप सातातून दोन काढलेले असतात. त्याला दशक सुटा करायला कुणी नीट शिकवलेलं नसतं, म्हणजे मी शिकवलेलं नसतं. दुसऱ्या मुलाचं २४ येतं, कारण त्याचं सगळं बरोबर असतं आणि बोटं मोजताना एक बोट निसटतं. आलेखात दोघंही 'चूक' ह्या एकाच रंगात बसतात. दीड तासात मी तीस वह्या बघितल्या असत्या आणि दोघांशी दोन वेगळ्या गोष्टी बोलले असते.

कष्ट वाचवणारी साधनंही आहेत. दुसऱ्या शिक्षकानं केलेली कार्यपत्रिका मला आयती मिळाली तर माझा दीड तास वाचतो. तेव्हा प्रश्न असा: हे साधन माझा वेळ खातं की देतं? आणि दिलेला वेळ मी मुलांना देते की पुढच्या अहवालाला?

दुसरा दात नावाचा. फुकट साधनात शिरताना दारातच विचारणा होते. नाव काय, इयत्ता कुठली, जन्मतारीख, शाळा, पालकांचा फोन. गावातला किराणावाला गूळ देताना पोराची जन्मतारीख विचारू लागला तर संध्याकाळी पारावर त्याचीच चर्चा होईल. पडद्यानं विचारलं की आपण भराभर टंकत सुटतो. ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेनं २०२२ मध्ये ४९ देशांतली, करोनाच्या काळात सरकारांनी शिफारस केलेली १६४ शैक्षणिक साधनं तपासून पाहिली. त्यांतली १४६ मुलांची माहिती अशा रीतीनं हाताळत होती की त्यांच्या हक्कांना धोका पोचावा. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याच असं करतात असंही समजू नये. आपल्या सरकारी 'दीक्षा'ची माहिती ठेवलेला एक सर्व्हर उघडाच राहिला होता आणि लाखो शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल त्यातून कुणालाही बघता येत होते, हे २०२३ च्या जानेवारीत बातम्यांतून कळलं. हेतू वाईट नव्हता, कडी लावायची राहिली. पण गोठ्याची कडी राहिली तरी नुकसान व्हायचं ते होतंच.

२०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्यांना तो मूल मानतो आणि त्यांची माहिती घेताना पालकांची संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं व्हायची आहे. पण कायद्याचा अंमल होईल तेव्हा होईल. शिक्षकाला साधी गोष्ट आजही करता येते. माझ्या वर्गात ऑनलाइन कुठंही मुलांची नावं जात नाहीत. प्रत्येकाला एक पक्षी दिला आहे. टिटवी, भारद्वाज, कोतवाल, धोबी. कुठला पक्षी कोण, ते माझ्या वहीत, आणि वही कपाटात. परिणाम असा झाला की "टिटवीला दहापैकी नऊ" म्हटल्यावर सगळा वर्ग टिटवी शोधायला लागतो, आणि चारच मिळालेल्या पारव्याला चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही. गोपनीयतेसाठी केलेली सोय प्रतिष्ठेच्याही कामी आली.

हीच शिस्त फोटोंना लावायला मला वेळ लागला. उपक्रम केला की त्याचा फोटो गटावर टाकायचा ही आपली रीतच झाली आहे. फोटो नसेल तर उपक्रम झालाच नाही. आठ वर्षांच्या मुलीला कुणी विचारत नाही, की बाई तुझा चेहरा दीडशे अनोळखी फोनमध्ये गेलेला चालेल का. शिवाय आपण वर्गात वापरतो त्यातली कितीतरी फुकट साधनं तेरा वर्षांखालच्यांनी खातं उघडू नये असं आपल्या अटींत स्वतःच सांगतात. त्या अटी आपण वाचत नाही. वाचल्या असत्या तर गायीनं आपणहून तोंड उघडून दाखवलं होतं हे दिसलं असतं.

तिसरा दात आयुष्याचा. प्रश्नमंजुषेच्या एका संकेतस्थळावर मी दोन वर्षं प्रश्न साठवले होते. परिसर अभ्यासाचे, गणिताचे, म्हणींचे. एका जूनमध्ये उघडलं तर फुकट खात्याची हद्द आकसलेली. प्रश्न दिसत होते, पण वर्गात चालवायचे तर पैसे भरा. तक्रार कुणाकडे करणार? दान परत मागितलं म्हणून फिर्याद होत नाही. मोठ्या घरांतही हेच चालतं. गूगलनं जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस मिटवला. मुलांनी छोटे व्हिडिओ करून उत्तरं द्यायची असं फ्लिपग्रिड नावाचं साधन मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये विकत घेऊन शिक्षकांसाठी फुकट केलं, आणि २०२४ मध्ये त्याचं स्वतंत्र दुकान बंद केलं. भूमितीसाठी जगभर वापरलं जाणारं जिओजेब्रा २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या कामातून उभं राहिलं. वीस वर्षांनी ते बायजूज ह्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीनं घेतलं, आणि २०२४ मध्ये बायजूज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जिओजेब्रा बंद पडलं नाही, चालू आहे. पण चौथीच्या वर्गात कोन काढून दाखवणाऱ्या शिक्षिकेच्या साधनाचा मालक कोण, ह्याचा निकाल कुठल्या कचेरीत लागतो ते बघा.

इथं मला मोफत आणि मुक्त ह्या दोन शब्दांत फरक करावासा वाटतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत सुदैवानं दोन आहेत, आणि तरी आपण ते एकाच पोत्यात भरतो. मोफत म्हणजे आज पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ते मी उतरवून घेऊ शकते, छापू शकते, माझ्या बोलीत फिरवू शकते, शेजारच्या शाळेला देऊ शकते, आणि मूळ मालकानं उद्या दुकान मिटवलं तरी माझी प्रत माझ्याकडे राहते.

हा फरक मला ज्या शब्दानं समजला तो शब्द घोरपडीच्या प्रकरणातून आला. त्या एसटीतल्या प्रवासानंतर आम्ही वर्गात एक वही घातली. नाव ठेवलं 'फोनला न येणारे शब्द'. नियम एकच. घरून शब्द आणायचा, फोनला ऐकवायचा, त्याला नाही आला तर वहीत लिहायचा आणि पुढे अर्थ. एक मुलगी आज्याकडून 'इर्जिक' घेऊन आली. फोननं त्याचं 'एनर्जी' केलं. अर्थ तिनंच सांगितला: पेरणी खोळंबली की गावातले शेतकरी आपापली बैलजोडी घेऊन एकाच्या रानात उतरायचे आणि दिवसभरात नांगरट उरकायचे. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं, आणि दुसऱ्याची पाळी आली की आपले बैल घेऊन जायचं.

फुकटाच्या ह्या दोन जाती आहेत. धर्माची गाय एकानं दुसऱ्याला द्यायची असते. देणारा वर, घेणारा खाली. इर्जिकीत कुणी वर-खाली नसतं, पण आपले बैल आणावे लागतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ मध्ये सुरू झालं ते इर्जिकीच्या चालीवर. तिथल्या गोष्टी मराठीतही आहेत, त्या उतरवा, छापा, भाषांतर करा, स्वतः लिहून भर घाला, परवानगी आधीच दिलेली आहे. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन ह्यांनी २००२ मध्ये फेट नावाचा उपक्रम उभा केला. त्यातली अपूर्णांकांची, तराजूची, चुंबकाची हलती चित्रं इंटरनेटशिवायही चालतात, आणि जगभरच्या शिक्षकांनी त्यांची भाषांतरं केली आहेत, मराठीतसुद्धा. मराठी विकिपीडिया २००३ पासून लोकच लिहीत आले आहेत. मराठी विश्वकोश किंवा बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक हे काटेकोर अर्थानं मुक्त नाहीत, हक्क राखीव आहेत. पण ते लोकांच्या पैशातून झालेले, लोकांसाठी उघडे ठेवलेले ठेवे आहेत आणि त्यांचं आयुष्य कुणाच्या तिमाही नफ्यावर टांगलेलं नाही. डिसले गुरुजींची ती वाटणीही मला इर्जिकीच्याच रीतीची वाटते. एकाच्या रानात पीक आलं, आठवण बाकीच्यांच्या बैलांचीही ठेवली.

चौथा दात सगळ्यात आतला, अक्कलदाढेसारखा. हे साधन मुलाच्या हाताला आणि तोंडाला काय काम देतं? लहान मूल डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त शिकतं, हे महाराष्ट्राला नव्यानं सांगायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात साधनं परदेशातून मागवली नव्हती. बिया, शिंपले, खडे, पानं, माती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. ती साधनंही फुकटच होती, आणि नाव विचारत नव्हती.

ह्या कसोटीवर घासलं की साधनांचे दोन ढीग आपोआप पडतात. कहूतसारख्या प्रश्नमंजुषेत बरोबर उत्तराइतकेच वेगालाही गुण असतात. वर्गात आरडाओरडा होतो, मजा येते, तपासणीला आलेले साहेब खूश होतात. पण विचार करून बोट उचलणारं मूल तिथं नेहमी हरतं, आणि चार खेळांत ते विचार करणं सोडून देतं. मी प्रश्न टीव्हीवर ठेवते आणि उत्तर पाटीवर मागते. "लिहा, झाकून ठेवा, आता वर." तीस पाट्या एकदम वर येतात आणि एका नजरेत मला कळतं कोण कुठं अडलंय. खात्याची गरज नाही, फोनही एकच पुरतो.

कहूतच्या दुसऱ्या टोकाला अरविंद गुप्ता आहेत. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कामात त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, पिरॅमिड करून दाखवले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून कचऱ्यातून खेळणी करण्याच्या चित्रफिती आणि पुस्तकं जगाला वाटली, मराठीतही, सगळी फुकट. त्यांची चित्रफीत मी दोनच मिनिटं दाखवते. मग टीव्ही बंद, आणि पुढची चाळीस मिनिटं पोरांच्या हातांची. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही, हे त्यांना बोटांच्या टोकांनी कळतं. कुणीतरी विचारतं, "म्हणून पत्र्याच्या शेडला आडव्या-तिरक्या पट्ट्या मारत्यात का?" जे साधन स्वतः लवकर गप्प बसून मुलांना कामाला लावतं, ते प्राथमिक शाळेचं साधन.

इथं एक आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. तालुक्याच्या गावातली इंग्रजी शाळा पिवळी बस पाठवते, भिंतीवर 'स्मार्ट क्लास' रंगवते. आमच्या पटावरून पोरं त्या बसमध्ये चढतात. वीसच्या खाली पट गेला की शाळेचं भवितव्यच चर्चेला येतं. मग ऊस तोडायला जाणाऱ्यांच्या पोरांनी पाट्या आणि चिंचोके घेऊन बसायचं आणि इतरांनी पडद्यावर शिकायचं, असा ह्याचा अर्थ नाही का होत?

ह्या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्यच आहे. समुद्र न पाहिलेल्या पोराला भरती-ओहोटी शब्दांत सांगणं म्हणजे छळ आहे. तिथं पडदाच हवा. डोळ्यांनी अधू असलेल्या मुलाला धडा वाचून दाखवणारा फोन ही चैन नव्हे, हक्क आहे. दोन इयत्ता एकाच वेळी सांभाळताना तिसरीला ऐकण्याचं काही लावून देऊन चौथीला भागाकार शिकवता येतो, हे मी रोज करते.

उरलेला अर्धा भाग मान्य नाही, कारण टंचाई कशाची आहे ते त्यात उलटं धरलं आहे. 'असर' ह्या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. त्याच पाहणीत तिसरीतली जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पडदा चालवायला पोरं कुठंही शिकतात, आम्ही नाही शिकवलं तरी. वाचायला आम्ही नाही शिकवलं तर कोण शिकवणार? गरिबाच्या पोराला पडदा नाकारणं हा अन्याय आहे; पण वाचायला येत नसताना हातात पडदा देऊन त्याला समता म्हणणं हा मोठा अन्याय आहे.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की प्राथमिक शाळेत ह्या साधनांचा पहिला विद्यार्थी शिक्षक असावा. रात्री जेवण झाल्यावर मी फेटवरचा अपूर्णांक स्वतः हलवून बघते, 'किशोर'च्या जुन्या अंकातून गोष्ट निवडते, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणा बाईंनी भागाकार कसा शिकवला ते बघते. वर्गात जाताना फोन पिशवीत असला तरी चालतो. जे घ्यायचं ते माझ्या डोक्यात आणि हातात आलेलं असतं. आडगावच्या शिक्षकाला इतका मोठा शिक्षकवर्ग शेजारी म्हणून कधीच मिळाला नव्हता, आणि ही ह्या साधनांची सगळ्यात मोठी देणगी आहे. ती घेताना मुलांची नावं द्यावी लागत नाहीत.

आणि एखादं साधन वर्गात आणायचंच, तर मी आता एक प्रश्न विचारते. हे उद्या बंद पडलं, तर वर्गात काय उरेल? व्हॉल्व्ह ट्यूबचे पिरॅमिड उरतात. छापलेल्या गोष्टी उरतात, हाताळून कोपरे दुमडलेल्या. आलेख उरत नाही, वेगाचे गुण उरत नाहीत. बोलून टंकण्याच्या त्या सोयीचं काय उरलं असतं? आम्ही वही घातली नसती तर काहीच नाही. उलट एक आज्या कमी झाला असता.

वही आता अर्धी भरली आहे. मुलांनी मध्येच ठरवलं, की घोरपडीची गोष्ट नीट लिहायची, चित्रं काढायची आणि स्टोरीवीव्हरवर चढवायची. इर्जिकीला जायचं तर आपले बैल न्यायला हवेत, असं ज्या मुलीनं तो शब्द आणला तीच म्हणाली. चित्रं झाली. घोरपड जरा मगरीसारखी दिसते, पण ती चालेल. गोष्ट मात्र अजून चढवलेली नाही, कारण पहिल्याच वाक्यावर गाडी अडली आहे. निम्मा वर्ग म्हणतो 'आजोबा' लिहू, सगळ्यांना कळेल. निम्मा म्हणतो 'आज्या'च ठेवू, ज्याला कळणार नाही तो विचारेल. ज्याची गोष्ट आहे तो पोरगा दोन दिवस गप्प होता. काल त्यानं सांगितलं, घरी विचारून येतो.